ताराच्या लग्नासाठी निष्कलंक तारीख

१ जानेवारी १९७४, मंगळवार

पहाटे पाचला उठायचं ठरवलं होतं. पावणेआठला उठलो. नागपूरच्या थंडीत पाचला उठणं प्रकृतीला घातक असतं, असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं. उद्यापासून नक्की.

यंदाचे संकल्प. पहिला, 'इतिहासात आज' हा माझा कोश पुरा करणे. वर्षातल्या प्रत्येक तारखेला किमान पाच ठळक घटना, प्रत्येक घटनेला वेगळं कार्ड. दुसरा, ताराचं लग्न. पोरगी बी.ए. होऊन शाळेत शिकवायला लागली, आता उशीर नको. तिसरा, न चिडणे.

तिसरा संकल्प आजच मोडला. नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचनालयाच्या दारातला 'इतिहासात आज'चा फळा मी लिहितो. रोज, फुकट, पदरच्या खडूने. आज दोन रंगांत लिहिला होता. संध्याकाळी ऑफिसातून येतो तर फळ्यासमोर ही गर्दी. छाती भरून आली. जवळ गेलो. माझ्या मजकुराखाली कोणीतरी कोळशाने लिहिलं होतं, उद्या नळ येणार नाही. सगळे तेच वाचत होते.

या गावाचा वीट आला आहे.

२० जानेवारी, रविवार

भुसावळची मंडळी ताराला बघून गेली. मुलगा मुकुंद, रेल्वेत गुड्स क्लार्क. वडील गोपाळराव रेल्वेतूनच गार्ड म्हणून रिटायर झालेले. माणसं साधी. पोहे दोनदा मागून घेतले. मुलाने ताराला एकच प्रश्न विचारला, की तुम्हाला शाळेत शिकवायला आवडतं का. तारा हो म्हणाली आणि हसली. आमच्या घरात इतक्या सहज हसलेली मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

पसंती जागच्या जागी. गोपाळराव म्हणाले, तारखेचं काय ते तुम्हीच ठरवा, आम्ही कधीही तयार.

आयुष्यात पहिल्यांदा योग्य काम योग्य माणसाकडे आलं.

२५ जानेवारी, शुक्रवार

गुरुजींनी तीन मुहूर्त काढून दिले. ४ फेब्रुवारी, १४ फेब्रुवारी, ११ मार्च. मी म्हटलं, ठेवून जा, तपासतो. गुरुजी म्हणाले, तपासायचं काय त्यात, मी तपासूनच दिले आहेत.

हाच तर अडाणीपणा. गुरुजी बघतात फक्त वर. खाली जमिनीवर त्या तारखेला काय काय झालं आहे ते कोण बघणार? पानिपतावर सैन्याबरोबर ज्योतिषी नव्हते की काय? माझी सिस्टीम सोपी आहे. पंचांगाने तारीख द्यायची, ती मी कार्डांवर घासून बघायची. पराभव, वध, फितुरी, भूकंप, बुडालेलं जहाज, यातलं काहीही निघालं की तारीख रिजेक्ट. प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल.

सौ. म्हणाली, मग उरेल काय.

४ फेब्रुवारी बाद. तानाजी. गड आला पण सिंह गेला. मुलीचा बाप मांडवात उभा राहून दिवसभर हेच वाक्य आठवत बसेल.

१४ फेब्रुवारी बाद. कॅप्टन कुकला हवाई बेटावर मारलं. सौ.ने विचारलं, हा कुक आपल्या नात्यातला का.

११ मार्च. संभाजी महाराजांचा वध. यावर चर्चाच नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

सिस्टीमची सत्यता पटवायला आमची स्वतःची तारीख तपासली. आमचं लग्न १८ जूनचं. कार्ड काढलं. वॉटर्लू. शिवाय झाशीची राणी ग्वाल्हेरला पडली तीही तेव्हाच.

एवढ्या वर्षांत सगळ्याचा प्रथमच उलगडा झाला. उत्साहाने सौ.ला सांगितलं. तिने कार्ड हातात घेऊन वाचलं, परत दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून फक्त भांडी बोलत आहेत.

सत्य ऐकण्याची कोणाची तयारीच नाही.

९ मार्च, शनिवार. धुळवड

फळा शेणाने माखला. त्यावर हिरवा रंग. काल रात्री मुद्दाम जागून वास्को द गामाचं जहाज काढलं होतं. शिसारी आली.

यमुताई आली होती. माझी थोरली बहीण, इथेच महाल भागात राहते, आणि मी अजून सात वर्षांचा आहे अशा थाटात माझ्याशी बोलते. म्हणाली, अनंता, तू काय करून राहिला आहेस? पोरीचं लग्न करून राहिला की इतिहासाची परीक्षा देऊन राहिला? भुसावळचे लोक काय जन्मभर थांबणार आहेत?

मी शांतपणे तिला सिस्टीम समजावून सांगितली. तिने निम्म्यातच सौ.ला विचारलं, हा रात्री झोपतो का नीट.

२४ मार्च, रविवार. गुढीपाडवा

सापडली. सापडली. सापडली.

गुरुजींनी नवे मुहूर्त दिले होते. १५ एप्रिल, २८ एप्रिल, ८ मे. १५ एप्रिलला टायटॅनिक बुडाली, बाद. २८ एप्रिल रविवार म्हणून सगळ्यांना सोयीची, पण त्या दिवशी थोरले बाजीराव गेले. गुरुजी म्हणाले, अनंतराव, त्याला सव्वादोनशेच्या वर वर्षं झाली, सुतक फिटलं असेल आता. असल्या विनोदाची किळस येते.

पण ८ मे. काय तारीख आहे. १९४५ साली याच दिवशी युरोपातलं महायुद्ध संपलं. रेडक्रॉस काढणाऱ्याचा जन्मही याच दिवशीचा. म्हणजे शांती आणि सेवा. संसाराला आणखी काय लागतं? सबंध वर्षात इतकी निष्कलंक तारीख दुसरी नाही.

ताराने तिच्या शाळेतलं एक पुस्तक आणून दाखवलं. ८ मे १९०२, मार्टिनिक बेटावर ज्वालामुखी फुटून सबंध शहर गाडलं गेलं. मी म्हटलं, मार्टिनिक आपल्यापासून लांब आहे. ती म्हणाली, बाबा, हवाई काय उमरेड रोडवर आहे?

प्रत्येक सिस्टीमला अपवाद असतो. ८ मे फायनल.

७ एप्रिल, रविवार

पत्रिका छापून आल्या. वर गणपती, खाली वधूवरांची नावं, आणि तळाला माझी स्वतःची भर: 'याच शुभदिनी १९४५ साली युरोपात महायुद्धाची समाप्ती होऊन मानवजातीने सुटकेचा निःश्वास टाकला.' प्रेसवाल्याने दोनदा विचारलं, हे नक्की छापायचं का. त्याला काय कळतं.

सौ.ने पत्रिका वाचून पालथी ठेवली.

१४ एप्रिल, रविवार

आज फळ्यावर टायटॅनिक पहिल्या नंबरवर घेतली. हिमनगाचं चित्र काढलं. त्यात बरीच जागा गेली, म्हणून डॉ. आंबेडकरांचा जन्म पाचव्या ओळीत, जरा बारीक अक्षरात आला.

ऑफिसातला बळीराम मेश्राम पत्रिका घ्यायला घरी आला होता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याने छप्पन साली दीक्षाभूमीवर आईवडिलांबरोबर दीक्षा घेतली. येताना फळा वाचून आला. मला वाटलं, भांडणार. मी जागेची अडचण सांगायला लागलो. तो म्हणाला, राहू द्या गा अनंतराव, तुमच्या फळ्याची आमाले गरज नाही. बाहेर जाऊन पाहा, आज सारा नागपूरच फळा हाये.

रस्त्यावर खरंच निळे झेंडे, मिरवणुका, लेझीम. कान किटले. पण मनात एकदा येऊन गेलं, की माझा फळा बघायला इतकी माणसं कधी येतील. मग ठरवलं की गर्दी हे काही विद्वत्तेचं माप नव्हे.

पत्रिकेचा तळ वाचून बळीराम म्हणाला, मले एक सांगा, असा कोणता दिवस हाये ज्या दिवशी जगात कोनीच मेलं नाही?

मी म्हटलं, ८ मे. तो पाणी प्यायला आणि गेला.

२४ एप्रिल, बुधवार

पेपरात मोठ्ठी बातमी. देशभरच्या रेल्वे कामगारांनी संपाची नोटीस दिली. संप ८ मेपासून.

दोनदा वाचलं. ८ मेच.

होणार नाही. नोटीस वेगळी, संप वेगळा. आमच्या ऑफिसात युनियनने किती नोटिसा दिल्या, पुढे चहा पिऊन सगळे कामाला लागले. शिवाय ८ मे ही भांडणं मिटण्याची तारीख आहे. तीस वर्षांत तिने कोणाला दगा दिलेला नाही.

तारा म्हणाली, मुकुंद युनियनमध्ये आहे. मी म्हटलं, नावापुरता असेल. ती म्हणाली, सेक्रेटरी आहे. हिला हे कसं माहीत? पत्रव्यवहार चालू दिसतो. घरात कोणी काही सांगत नाही.

३ मे, शुक्रवार

धरपकड सुरू झाल्याच्या बातम्या. गोपाळरावांचं एक्स्प्रेस पत्र. म्हणतात, गाड्यांचा भरवसा नाही, मुकुंदचाही नाही. एक तर उद्याच एसटीने आम्ही चार माणसं मुलाला घेऊन निघतो, परवा लग्न लावून टाकू. नाही तर तारीख पुढे ढकलू.

परवा म्हणजे ५ मे. कार्ड काढलं. नेपोलियन सेंट हेलेनावर मेला.

तार केली: तारीख तीच, निश्चिंत असा, वऱ्हाड बुधवारी सकाळच्या गाडीने आणा. यमुताई चिडून म्हणाली, अरे, तो पोरगा घरातून निघू शकतोय तोवर त्याला येऊ दे ना, काहून अडून बसला? तारा उठून गच्चीवर गेली, ऊन असताना.

सात तारखेला रात्री उशिरा तडजोड होणार, हे लिहून ठेवतो. १९३८ साली म्युनिकलाही ऐनवेळी तडजोड झालीच होती. (पुढचं इथे लागू नाही.)

८ मे, बुधवार

सकाळी. हार, बँड आणि पेढ्यांचं पुडकं घेऊन स्टेशनवर गेलो. बळीराम बरोबर होता. फलाटावर पोलीस, दोन कुत्री आणि आम्ही. बाकावर कोणीतरी गामा पहिलवानासारखं पसरून झोपलेलं. चौकशीच्या खिडकीत माणूस नाही. बँडवाल्यांनी विचारलं, वाजवायचं का. मी म्हटलं, गाडी दिसली की. रूळ पार टोकापर्यंत मोकळे दिसत होते.

बळीराम म्हणाला, चला गा अनंतराव, ऊन चढून राहिलं.

दुपारी. मुहूर्त टळला. कार्यालयात वाळ्याच्या ताट्या सकाळपासून भिजवल्या होत्या, त्याही वाळल्या. गुरुजी पंख्याखाली डुलक्या घेत होते. पाहुणे पत्रिकेनेच वारा घेत होते आणि तळाची ओळ एकमेकांना वाचून दाखवत होते. एकाने विचारलं, निःश्वास केव्हा टाकायचा. सगळे हसले. माणसं इतक्या हलक्या मनाची असतात हे आज कळलं.

आचारी म्हणाला, उन्हाळा आहे, अन्न नासेल, पंगत बसवा. लग्न न होता पंगत बसली. जिलबी कमी पडली.

तारा पिवळी अष्टपुत्री नेसून आतल्या खोलीत बसली होती. पहिली पंगत बसल्यावर तिने मुंडावळ्या स्वतःच सोडल्या, घडी करून आईच्या हातात दिल्या, आणि पदर खोचून पाणी वाढायला लागली. मी म्हटलं, तू कशाला. ती म्हणाली, लोक आपल्याकडे आलेत बाबा.

संध्याकाळी. समोरच्या डॉक्टरांकडे गोपाळरावांचा ट्रंककॉल आला. पोलीस घरी येऊन गेले. मुकुंद परवापासून घरी नाही, कुठे आहे ते आम्हालाही ठाऊक नाही. मुलगाच नाही तर कोणाला घेऊन येऊ? मग म्हणाले, तुम्ही तेव्हा पाच तारीख घेतली असती तर. पुढचं नीट ऐकू आलं नाही. लाइन खराब होती असं मी घरी सांगितलं.

९ मे, गुरुवार

८ मेच्या गठ्ठ्यात नवं कार्ड घातलं. '१९७४: अखिल भारतीय रेल्वे संपास प्रारंभ.' स्वतःच्या हाताने लिहिलं.

तीस वर्षं स्वच्छ राहिलेली तारीख, आणि माझ्याच मुलीच्या वेळी तिने हे करावं. इतिहासाचासुद्धा वीट आला आहे. आमच्या गल्लीतल्या लोकांपेक्षा तो काही फारसा बरा नाही.

१९ मे, रविवार

मनातल्या मनात १८ मे हेरून ठेवली होती. मुकुंद तोवर सापडला असता तर काढायची होती. कोणाला बोललो नव्हतो.

काल राजस्थानात अणुस्फोट झाला. आख्खा देश नाचतोय. मी कार्ड लिहिलं.

२९ मे, बुधवार

संप मागे घेतला. मुकुंद घरी आला. नोकरीवरून काढल्याचा कागद त्याच्याआधी घरी पोचला होता.

ताराला समोर बसवून समजावलं. नोकरी नाही, पुढे मिळेल याची खात्री नाही, आणि मुहूर्ताच्या दिवशी गैरहजर. अशा स्थितीत नकार देणं हे कोणालाही योग्यच वाटेल. ती म्हणाली, संप त्याने ठरवला नव्हता, तारीख तुम्ही ठरवली होती. आणि म्हणाली, मला नोकरी आहे, दोघांना पुरेल.

एवढं स्पष्ट बोलायला हिला शाळेत शिकवतात की ही शाळेत शिकवते?

२ जून, रविवार

मुकुंद एकटाच पहिल्या गाडीने आला. वाळलेला, दाढी वाढलेली. सौ.ने त्याला चार पोळ्या आग्रहाने वाढल्या. त्याने माझी माफी मागितली. ८ तारखेला मी यायला हवं होतं, पण आमच्या माणसांना सोडून येता आलं नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे. ठीक नव्हतं, पण तो डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता, त्यामुळे दुसरं काही सुचेना.

त्यांनी तारीख आणली आहे. ६ जून, गोरज मुहूर्त, भुसावळला त्यांच्या घराच्या अंगणात, घरचीच माणसं. गुरुजींनी पंचांग बघून होकार दिला. ज्येष्ठात थोरल्या मुलाचं लग्न करत नाहीत, पण मुकुंद धाकटा, म्हणून तीही अडचण नाही.

आणि ६ जून. काय सांगू. १६७४ साली याच तारखेला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. यंदा बरोबर तीनशे वर्षं. माझ्या सगळ्या कार्डांत याहून मोठी तारीख नाही. ती त्यांना न शोधता मिळाली याचा थोडा राग आला.

पण अडचण अशी, की ६ जूनला संध्याकाळी सहाला वाचनालयात माझं व्याख्यान आहे. विषय राज्याभिषेक. कमिटीला चार महिने पटवून हे मिळवलंय. हँडबिलं वाटून झाली. अशी तारीख तीनशे वर्षांनी येते. लग्नाचं तसं नसतं.

मी तोड काढली. यंदा अधिक महिना असल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा. तुळशीच्या लग्नानंतर पहिला मुहूर्त २७ नोव्हेंबर, असं गुरुजी म्हणाले. पण २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई. भोसल्यांचं राज्य त्याच दोन दिवसांत बुडालं, आमचे पूर्वज त्या टेकडीखाली होते. म्हणजे ते नको. मग पुढचं वर्ष. मी हे सगळं नीट क्रमाने मांडलं.

कोणी काही बोललं नाही. पटलं असावं.

४ जून, मंगळवार

सौ., तारा, यमुताई आणि यमुताईचे यजमान दुपारच्या गाडीने भुसावळला गेले. सौ.ने मोठी ट्रंक नेली. दोन दिवसांसाठी ट्रंक कशाला, असं विचारलं तर म्हणाली, लागते.

जाण्याआधी यमुताई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, अनंता, सहा तारखेला तुझ्या मुलीचं लग्न आहे. अजून वेळ आहे, चल. मी म्हटलं, बघू. माझं बघू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. वधूपिता हजर नसताना कन्यादान कसं होणार? शास्त्रच नाही. तिथे चर्चा होईल, माझ्या मुद्द्यांचं वजन त्यांच्या लक्षात येईल, आणि तारीख आपोआप पुढे जाईल. म्हणूनच मी अडवलं नाही.

निघताना तारा पाया पडली. बराच वेळ वाकून राहिली. व्याख्यानासाठी शुभेच्छा देत असावी. मी म्हटलं, होईल सगळं नीट. तिने मान हलवली.

घर शांत आहे. व्याख्यानाची तयारी उत्तम होईल.

६ जून, गुरुवार. रात्री

व्याख्यान झालं. श्रोत्यांची संख्या मर्यादित पण दर्जेदार. वाचनालयाचा चिटणीस, दोन पेन्शनर, त्यांतले एक पूर्ण वेळ जागे, आणि बळीराम. वारा नव्हता, वीज दोनदा गेली. कोपऱ्यातून पानाच्या पिचकारीचा वास येत होता. अशा जागी राज्याभिषेकाबद्दल बोलायचं म्हणजे.

तरी बोललो. दीड तास. शेवट फार साधला. मी सांगितलं, की त्या सोहळ्याला जिजाबाई हजर होत्या. थकलेल्या होत्या, त्यानंतर जेमतेम बारा दिवस जगल्या. पण लेकराच्या आयुष्यातला तो क्षण बघायचाच म्हणून गडावर येऊन राहिल्या. इथे मी एकच वाक्य दोनदा म्हटलं. का ते कळलं नाही. पेन्शनरांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर बळीराम म्हणाला, बोलले बरे. मग म्हणाला, पर तुमी इथं काहून? पोरगी परवा ऑफिसात येऊन मले आमंत्रण देऊन गेली, आज लगन हाये म्हणे. मले वाटलं तुमी भुसावळले असान, मी तर वाचनालयाले कुलूप हाये का ते पाहाले आलो होतो.

मी त्याला समजावलं, की ते पुढच्या वर्षावर गेलं आहे. बळीरामचा तारखांचा घोळ नेहमीचाच. त्याने घड्याळ बघितलं. मग म्हणाला, रातच्या गाडीत बसा अनंतराव, मी येतो संगं.

नाही म्हटलं. उद्या ऑफिस आहे. घरी येऊन भात टाकला. करपला.

८ जून, शनिवार

सकाळी सौ. आणि यमुताई परत आल्या. यमुताईचे यजमान ट्रंकेशिवाय आले.

मी विचारलं, तारा कुठे आहे. सौ. म्हणाली, तिच्या घरी.

मीच विचारत गेलो. कन्यादान यमुताईच्या यजमानांनी केलं. अंगणात शेजारच्यांनी सतरंज्या घातल्या होत्या. मुकुंदबरोबर नोकरीवरून काढलेली माणसं आली होती, त्यांनीच वाढलं, त्यांनीच मंगलाष्टकं म्हटली, एकाचा आवाज चांगला होता. जेवण साधं होतं. तारा छान दिसत होती का, हे विचारायला मला वेळ लागला. सौ. म्हणाली, हो.

मुहूर्ताला थोडा उशीर झाला. अंतरपाट धरून तयार होता, पण ताराने गुरुजींना थांबवलं. नागपूरची गाडी यायची आहे म्हणाली. गोपाळरावांनी स्टेशनवर माणूस पाठवला. गाडी वेळेवर आली. तो माणूस फलाटावर सगळे डबे बघून परत आला. मग लावलं लग्न.

त्या वेळेला मी गडावर जिजाबाईंना आणत होतो.

वाईट वाटलं. इथे दुसरं काही लिहिता येईल असं वाटलं होतं, येत नाही. फार वाईट वाटलं. आणि स्वतःची इतकी शिसारी आली, की चहाचा कप खाली ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. परत आलो तरी दोघी तशाच बसल्या होत्या.

विचारलं, मी का आलो नाही म्हणून तिथे काय सांगितलंत. यमुताई म्हणाली, आम्हाला काही सांगावंच लागलं नाही. जो विचारेल त्याला ताराच सांगत होती, की बाबांना ताप आहे, त्यांचा फार जीव होता यायचा, मीच नको म्हटलं.

दोघी आत गेल्या. मी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.